हप्ता आमच्या ऋतूला बांधा

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील बँक शाखांचे व्यवस्थापक, तसेच तिन्ही जिल्ह्यांच्या बँकविषयक सल्लागार समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मालवण तालुक्यातल्या एका वाडीत राहते. बारा वर्षांपूर्वी घरच्या पडवीत कोकमाचं आगळ, म्हणजे मिठात मुरवून काढलेला रस, करायला सुरुवात केली. आज आमचं छोटं युनिट आहे, हंगामात वाडीतल्या नऊ बायका कामाला येतात. मी अर्थतज्ज्ञ नाही. पण इतकी वर्षं बँकेच्या काउंटरच्या अलीकडे बसून जे पाहिलं आणि सोसलं, ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. यात मागणी एकच आहे : कर्जाचे हप्ते आणि मर्यादा आमच्या हंगामाप्रमाणे ठरवा. ती व्याज कमी करा अशी नाही, आणि कर्ज माफ करा अशी तर मुळीच नाही.

माझ्या पहिल्या कर्जाच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक तक्ता होता. बारा महिन्यांचे बारा रकाने आणि प्रत्येकात एकच आकडा : विक्री ७५ हजार रुपये. जूनमध्ये ७५ हजार, जुलैमध्ये ७५ हजार, एप्रिलमध्येही ७५ हजार. मी सीएंना म्हटलं, "जुलैत माझं आगळ कोण घेणार? पाऊस कोसळत असतो, हॉटेलं अर्धी बंद असतात." ते म्हणाले, "ताई, बँकेला सरळ रेघ लागते. वर्षाची विक्री सांगा, मी बाराने भागतो." त्यांनी भागलं आणि मी सही केली. तो तक्ता खरा नव्हता. हे मला माहीत होतं, सीएंना माहीत होतं आणि टेबलापलीकडच्या साहेबांनाही माहीत असणार, कारण त्यांच्या खिडकीबाहेरही तोच पाऊस पडत होता. तरी कर्ज मंजूर झालं, हप्ता ठरला, आणि त्या खोट्या तक्त्याप्रमाणे तो दर महिन्याला कापला जाऊ लागला. पुढची सगळी ओढाताण त्या एका कागदातून सुरू झाली.

धंद्याची सुरुवात कशी झाली तेही सांगते, कारण आमच्याकडचे बरेच धंदे असेच सुरू होतात. मी बहिणीकडे ठाण्याला गेले होते. तिथे एका खानावळीत मालवणी थाळी घेतली. सोलकढी आली ती गुलाबीजर्द. तोंडाला लावली आणि कळलं की हा रंग बिटाचा आहे. आंबटपणाला काहीतरी भुकटी घातलेली, नारळाचं दूध पातळ, आणि कोकमाचा तो जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारा तुरटपणा कुठेच नाही. मला राग आला नाही, वाईट वाटलं. पुढच्या खेपेला घरच्या आगळाची एक बाटली नेली आणि गल्ल्यावरच्या मालकांना दिली. त्यांनी तिथेच वाटीत दोन चमचे घेऊन नारळाच्या दुधात कालवलं, चाखलं आणि विचारलं, "महिन्याला किती लिटर देऊ शकाल?" बिटाचा त्यांनाही कंटाळाच होता, पण चांगलं आगळ वर्षभर देणारं कुणी त्यांना मिळत नव्हतं. माझ्या आईने मला आगळ घालायला शिकवलं होतं, ते मला मनापासून आवडायचं, आणि मुंबई-ठाण्यात ते मिळत नव्हतं. माझा धंदा एवढ्यावरच उभा आहे.

आता मे महिना कसा असतो ते सांगते. हे वाचून तुमच्यापैकी कुणाला एकदा आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन बसावंसं वाटलं तर फार बरं होईल.

रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, एप्रिलच्या मध्यापासून पिकू लागतो आणि पावसाच्या पहिल्या सरींपर्यंत पुरतो. खरी आवक मे महिन्यातली. पहाटे पाट्या येतात. आले त्याच दिवशी रातांबे फोडावे लागतात. दुसऱ्या दिवशी ते मऊ पडतात, तिसऱ्या दिवशी त्यांना वास सुटतो. बायका विळीवर बसतात, बी आणि गर एका टोपात, साल दुसऱ्यात. सालीला मीठ लावून पिंपात थर द्यायचे आणि रोज खालवर करायचं. आठवड्याभरात साल आपला रस सोडते, तो गाळला की आगळ. सोलं, म्हणजे वाळवलेली कोकमं, करायची तऱ्हा वेगळी. गराच्या रसात साल बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा उन्हात. पाच-सहा पुटं बसली की सोलं काळीभोर आणि मऊ होतात. बियांचं तेल निघतं, ते टाचांच्या भेगांना लावतात. काहीच वाया जात नाही, पण सगळं त्या पाच-सहा आठवड्यांत उरकावं लागतं. त्या दिवसांत बायकांची बोटं जांभळी होतात आणि तो रंग वटपौर्णिमेपर्यंत जात नाही.

पैसाही तेव्हाच लागतो. रातांबे विकायला येणाऱ्या बाईला रोख हवी असते, कारण तिला शाळा सुरू होण्याआधी मुलांची पुस्तकं आणि घराच्या शाकारणीचं सामान घ्यायचं असतं. मीठ, बाटल्या, बुचं, मजुरी, सगळं मे महिन्यात. मला त्या एका महिन्यात सव्वातीन लाख लागतात आणि त्यातला पहिला मोठा पैसा परत येतो तो दिवाळीनंतर. निम्म्याहून जास्त विक्री तर पुढच्या मार्च ते मेमध्ये, ऊन तापल्यावर होते. आज घातलेलं आगळ वर्षभर हळूहळू विकलं जातं. हा आमच्या धंद्याचा श्वास आहे. तो बाराने भागता येत नाही.

२०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच तळकोकणात उतरला. त्याआधीचे काही दिवसही आभाळ भरून होतं. दुपारी खळ्यात सोलं पसरलेली होती, तिसरं पूट चाललं होतं. शेजारची काकी ओरडली, "पावस इलो गो! सोलां भितर घे!" आम्ही धावलो, चादरी ओढल्या, सुपं भरली, पण निम्मी भिजली. भिजलेल्या सोलांना दोन दिवसांत बुरा येतो, ती विकता येत नाहीत आणि मी ती विकली नाहीत. झाडावरचे रातांबेही गळून चिखलात गेले. त्या वर्षी माल निम्म्याने कमी झाला. जूनचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला आला, जुलैचा आला, ऑगस्टचाही आला. मी ते भरले, कारण माझ्या आईच्या पाटल्या अजून माझ्याकडे होत्या. आता त्या सोनेतारणात आहेत.

माझ्यापेक्षा माझ्या पुतण्याची गोष्ट जास्त स्पष्ट आहे, कारण तिच्यात तारखा आहेत.

त्याचे आजोबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीला, जायचे. हा लहानपणापासून पाण्यात. शाळा सुटली की दप्तर काठावर टाकून बुडी मारायचा, वर आला की खाली काय दिसलं ते सांगत सुटायचा, कुठे कवच, कुठे काटेरी काहीतरी, कुठे निळा मासा. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं, सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्यासारखी माणसं तिथे आली, आणि मालवणच्या पोरांना कळलं की आपल्याला जे येतं ते शिकून, परवाना घेऊन, पोटापाण्याचं साधन होऊ शकतं. हाही शिकला. त्याच्या लक्षात आलं की पर्यटकाला दहा मिनिटं पाण्यात नेऊन फोटो काढून देणारे खूप आहेत, पण शाळेच्या मुलांना घेऊन जाऊन, न घाई करता, प्रवाळ म्हणजे काय, मालवणच्या समुद्राला १९८७ साली अभयारण्याचा दर्जा का मिळाला, प्रवाळावर पाय का ठेवायचा नाही, हे सांगणारा कुणी नाही. त्याने तेच सुरू केलं. कोल्हापूर-सांगलीच्या शाळा येऊ लागल्या. त्याने होडी, कॉम्प्रेसर आणि टाक्यांसाठी कर्ज घेतलं. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला, १०,४०० रुपये.

आता तारखा पाहा. मेरीटाइम बोर्डाच्या नियमाप्रमाणे २६ मे ते ३१ ऑगस्ट जलपर्यटन बंद असतं. नियम योग्य आहे, त्या दिवसांतला समुद्र माणसं गिळतो. हे झाले ९८ दिवस. आणि रिझर्व्ह बँकेच्या निकषाप्रमाणे हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत. ५ जूनचा हप्ता चुकला, तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याला ९० दिवस उलटतात. म्हणजे सरकारच्याच हुकमाने काठावर ओढलेली होडी ज्या आठवड्यात पुन्हा पाण्यात उतरते, त्याच आठवड्यात तिच्या मालकाचं खातं बुडीत कर्जात जातं. त्याचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, पडतो. पुढच्या वर्षी त्याला दुसरं इंजिन घ्यायचं असेल तर दार बंद. त्याने काहीच चुकीचं केलेलं नसतं. मे महिन्यात गर्दी असते तेव्हा त्याच्या खात्यात दोन-तीन हप्त्यांचे पैसे एकदम असतात, पण हप्ता एकच मागितला जातो. बाकीचे होडीच्या डागडुजीत, घरात, आजारपणात जातात. जूनमध्ये खातं रिकामं होतं आणि तेव्हाही हप्ता मागितला जातो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद. आंब्याची शेवटची पेटी जूनच्या आधी गेलेली. किनाऱ्यावरच्या घरगुती निवासात पाहुणा नाही. गणपतीला गाव भरतो, पण ती आपलीच माणसं असतात, ती खोलीचं भाडं देत नाहीत आणि आपण घेतही नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोकण किनाऱ्यावरच्या छोट्या धंद्याच्या हातात रोकड नसते. यात कुणाचा आळस नाही.

हे दोन माणसांचं गाऱ्हाणं म्हणून बाजूला ठेवू नका. आवडीतून आणि बाजारातल्या उणिवेतून उभी राहिलेली कामं या किनाऱ्यावर जिथे जिथे आहेत, तिथे हेच वेळापत्रक दिसेल.

मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००२ साली तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायला सुरुवात केली. त्याआधी ती अंडी खाल्ली जायची, विकली जायची. पक्षी आणि कासवं यांच्या प्रेमापायी सुरू झालेलं ते काम. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला आणि पिल्लं समुद्रात जाताना पाहायला पुण्या-मुंबईची माणसं येऊ लागली. गावात हॉटेल नव्हतं. मग घराघरांतून पाहुणे ठेवायला सुरुवात झाली, बायकांनी जेवण दिलं, उकडीचे मोदक दिले, पडव्या सारवून अंथरुणं घातली. घरात शौचालय बांधायला, पाण्याची टाकी बसवायला पैसा लागतो. आणि त्या घराचं उत्पन्न कासवाच्या पिल्लांवर आहे! पिल्लं फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत बाहेर येतात. कासव काही दर महिन्याच्या ५ तारखेला अंडी घालत नाही.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर करून आणतात. ज्या झाडांना सगळा गाव चिखलातली झुडपं म्हणायचा, त्यांची नावं, पक्षी, खेकडे त्या वल्हं मारता मारता सांगतात. त्यांनाही पावसाळ्यात खाडी बंद.

सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, तर जवळजवळ संपली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी सत्तरच्या दशकात म्हाताऱ्या पुंडलिक चितारींकडून ती कला समजून घेतली, नवी मुलं तयार केली आणि राजवाड्यात काम सुरू केलं. त्यांच्यामागे संस्थानाचं घराणं होतं, वाट पाहण्याची ताकद होती. एक संच हाताने रंगवायला किती दिवस जातात ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना कळेल की असं काम दरमहा सारखी विक्री दाखवू शकत नाही. ज्याच्यामागे घराणं नाही अशा चिताऱ्याने त्या तक्त्यात काय लिहायचं?

आता तुम्ही म्हणाल, नियम आमच्या हातात नाहीत. म्हणून मी जाणकारांना विचारून, वाचून, थोडा शोध घेतला. मला जे सापडलं ते तुमच्याच पुस्तकातलं आहे.

पीककर्जाला तुम्ही ९० दिवसांचा निकष लावत नाही. तिथे हंगाम मोजला जातो. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकाला एक हंगाम थकल्यावर खातं एनपीए होतं. म्हणजे शेतातल्या पिकाला ऋतू असतो हे बँकेला मान्य आहे. माझ्या शेजाऱ्याच्या झाडावरचा रातांबा शेती आहे, तोपर्यंत त्याला ऋतू आहे. तोच रातांबा कुंपण ओलांडून माझ्या पिंपात पडला की तो उद्योग झाला, आणि उद्योगाला ऋतू नाही? फळ तेच, पाऊस तोच.

खेळतं भांडवल म्हणजे कच्चा माल आणि मजुरीला लागणारा पैसा. त्याचंही तसंच. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या १९९२ च्या शिफारशीवरून छोट्या उद्योगाला वर्षाच्या अंदाजे विक्रीच्या निदान २० टक्के खेळतं भांडवल द्यायचं ठरलं. माझी विक्री नऊ लाख, म्हणून मला एक लाख ऐंशी हजारांपर्यंत उचलायची मर्यादा मिळाली. पण त्या २० टक्क्यांमागे एक गृहीतक आहे, की पैसा तीन महिन्यांत फिरून परत येतो. ज्याचा पैसा फिरायला जास्त काळ लागतो त्याला जास्त द्यावं, हेही त्याच नियमांत आहे. माझा पैसा मे महिन्यात पिंपात जातो आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत बाटलीबाटलीने बाहेर येतो. मला लागतात सव्वातीन लाख. कमी पडलेले दीड लाख मी दरवर्षी महिन्याला तीन टक्क्यांनी बाहेरून उचलते. वाडीतल्या कित्येक जणी उचलतात.

घाटावरच्या साखर कारखान्यांना हे सगळं मिळतं. गळीत हंगामात मर्यादा वाढते, हंगाम संपला की खाली येते, आणि गोदामातल्या पोत्यांवर माल तारण कर्ज मिळतं. मला त्याचा हेवा नाही, तो त्यांचा हक्कच आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे, तिच्यात काजू बी आणि सुपारीही आहे. मिठात मुरलेलं आगळ वर्षभर टिकतं, चांगलं झाकून ठेवलं तर त्याहून जास्त. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. एवढं होऊनही माझ्या पिंपांना बँकेच्या लेखी किंमत नाही. स्टॉक स्टेटमेंटमध्ये ते 'नाशवंत' या रकान्यात जातात.

आणि तुमच्या समितीचं मूळ आठवा. १९६९ साली धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने सांगितलं की पतपुरवठा एका साच्यातून काढू नका, त्या त्या भागाचा अभ्यास करा, तिथली गरज पाहा, तिथली उणीव शोधा. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये अग्रणी बँक योजना आली ती याच विचारावर. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तुम्ही दर तिमाहीला ज्या सभागृहात बसता, तिथल्या खुर्च्या त्या विचाराने मांडल्या आहेत. मग कोकणाच्या पतपुरवठा आराखड्यात कोकणातला पाऊस कुठे आहे?

मला शाखेतल्या माणसांवर ठपका ठेवायचा नाही. मला एक साहेब असे भेटले जे खरोखर आमच्या खळ्यात आले, चप्पल काढून ओसरीवर बसले, तिवळ प्यायले, पिंपं मोजली, वही पाहिली. जाताना म्हणाले, "काकी, तुमचं सगळं पटतं. पण सिस्टिममध्ये दरमहा हप्ताच टाकता येतो म्हणतात, वर विचारावं लागेल." त्यांनी वर विचारलंही असेल. पुढच्या जूनमध्ये त्यांची बदली झाली. नवे साहेब परराज्यातून आले, त्यांना रातांबा म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागली. तीन वर्षांनी माणूस बदलणारच, म्हणून ही गोष्ट माणसाच्या चांगुलपणावर सोडू नका, कागदावर आणा. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही आणि वार्षिक हप्ते तुमच्याच सिस्टिममध्ये आहेत. हप्ता महिन्याचाच हवा, असं कुठल्या कायद्यात नाही.

तारणाचंही थोडक्यात सांगते, कारण त्यात बाया जास्त अडकतात. मी कर्ज घेतलं तेव्हा छोट्या उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. तरी माझ्याकडे सातबारा मागितला गेला. आमच्या सातबाऱ्यावर २७ नावं आहेत. त्यातली सहा माणसं वारली, अकरा मुंबईत, दोन कुठे आहेत ते घरात कुणाला माहीत नाही, आणि माझं नाव त्यात नाहीच, सासऱ्यांचं आहे. कोकणात सामाईक जमिनीची ही तऱ्हा घरोघरी आहे. सह्या गोळा करायला मी दोन गणपती आणि एक शिमगा घालवला. तेवढ्या वेळात दोन हंगाम गेले. ज्या बाईला घरच्यांनी कसाबसा होकार दिला आहे, ती पहिल्याच पायरीवर मागे फिरते. तिच्या हातात काय कसब आहे हे त्या कागदावर कुणी विचारलेलंच नसतं.

अनुभवाच्या रकान्याबद्दलही हेच. अर्जात 'व्यवसायाचा पूर्वानुभव' असा रकाना असतो. माझ्या पुतण्याने तिथे 'नाही' असं लिहिलं होतं. मी त्याला विचारलं, "अरे, वयाच्या सातव्या वर्षापासून तू पाण्यात आहेस, ते काय?" तो म्हणाला, "त्याचं सर्टिफिकेट नाय गो काकी." पुढे त्याने ते मिळवलं, पण समुद्र वाचायला तो सर्टिफिकेटच्या आधी पंधरा वर्षं शिकला होता. वेळासच्या ज्या बाईने आयुष्यभर पन्नास माणसांच्या पंगती उठवल्या तिलाही त्या रकान्यात 'नाही' लिहावं लागतं. आवडीने केलेल्या कामातून आलेलं ज्ञान हीच आमच्याकडची पुंजी आहे. पिढ्यान्पिढ्या कोकण मनिऑर्डरवर जगलं, आणि कोकणी माणसाला धंदा जमत नाही असं आम्हीच आमच्या पोरांना सांगत आलो. आता पोरं परत येत आहेत. निसर्ग वादळाने ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दापोलीच्या सुपारी-नारळाच्या बागा आडव्या केल्या, वर्षभराने तौक्ते आलं, जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तरी परत आलेली पोरं टिकून राहिली आहेत. त्यांना मी सांगते की राहा, इथे होतं. हे सांगताना दर जूनमध्ये माझा आवाज कमी होतो.

मागणी अशी आहे. किनाऱ्यावरच्या हंगामी धंद्यांच्या मुदत कर्जाचे हप्ते ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत बसवावेत, जून ते सप्टेंबरमध्ये हप्ता नसावा. त्या चार महिन्यांचं व्याज चढेल, ते आम्ही भरू. फळप्रक्रियेच्या खेळत्या भांडवलाची मर्यादा एप्रिल-मेमध्ये वर जावी आणि विक्री होत जाईल तशी खाली यावी. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये महिन्यागणिक खरी विक्री लिहायला सांगावी, आणि एखाद्या रकान्यात शून्य दिसलं म्हणून अर्ज परत पाठवू नये. हे ठरवून जिल्ह्याच्या पतपुरवठा आराखड्यात लेखी यावं, म्हणजे नवा साहेब आला तरी त्याला पहिल्यापासून समजवावं लागणार नाही.

पुतण्याने दुसऱ्या होडीसाठी अर्ज केला आहे, तो एका शाखेत पडून आहे. या वेळी मी त्याला बाराने भागू दिलं नाही. आम्ही दोघांनी वहीच्या कागदावर तक्ता केला. जुन्या हप्त्याच्या हिशेबाने वर्षाचे होतात १,२४,८००. ऑक्टोबर ते मे, दर महिन्याला १५,६००. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर या चार रकान्यांत त्याने पूज्य घातलं आहे आणि प्रत्येक पूज्यासमोर कारण लिहिलं आहे : समुद्र बंद, समुद्र बंद, समुद्र बंद, होडी रंगवणे. गेल्या पाच वर्षांच्या बुकिंगच्या वह्या सोबत जोडल्या आहेत. जिथे हप्ता वाढवून मागितला आहे त्या आठही महिन्यांत त्याच्याकडे पैसे होते, हे त्या वह्यांत दिसतं.

तक्त्याखाली त्याने सही केली आहे. शेजारी तुमच्या सहीसाठी जागा सोडली आहे.

आपली विश्वासू,
एक कोकम उत्पादक,
तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग